किती वाचले?

आमच्या घरात कुठलीही नवी वस्तू आली की बायको आधी वस्तूकडे बघत नाही, माझ्याकडे बघते आणि विचारते, "किती वाचले?" किती गेले हे तिला विचारावं लागत नाही, ते माझ्या चेहऱ्यावर लिहिलेलं असतं. मी बँकेत नोकरी केलेला माणूस, त्यामुळे उत्तर तोंडावर तयार. कुकर आणला, दोनशे वाचले. पंखा आणला, साडेतीनशे वाचले. फक्त एका वस्तूच्या बाबतीत हे उत्तर द्यायला मला एकाहत्तर दिवस लागले, आणि दिल्यावर ते चुकीचं निघालं.

ती वस्तू म्हणजे शॉर्टवेव्हचा रेडिओ. साल २०१८. ज्या वर्षी अख्खं कऱ्हाड मोबाइलवर फुकट सिनेमे बघायला लागलं, त्या वर्षी मला रेडिओची आठवण झाली. आमच्या वडिलांकडे लाकडी खोक्याचा रेडिओ होता आणि त्याचा परवाना होता. हो, रेडिओ ऐकायला परवाना लागायचा. दरवर्षी पोस्टात जाऊन पैसे भरायचे आणि पुस्तिकेवर तिकिटं चिकटवून शिक्का मारून घ्यायचा. १९८० च्या दशकात ही भानगड संपली, पण वडिलांनी ती पुस्तिका शेवटपर्यंत जमिनीच्या कागदांबरोबर ठेवली. उद्या कोणी विचारलं तर, अमीन सयानी आम्ही रीतसर ऐकला होता, पुरावा आहे.

तर तसा रेडिओ मला हवा होता. पुण्याला गेलो तेव्हा तपकीर गल्लीत चौकशी केली. एका दुकानदारानं माझ्याकडे, आपल्या आजोबांचा मित्र वाट चुकून आलाय, अशा नजरेनं पाहिलं. "काका, शॉर्टवेव्ह आता कोण ऐकतंय? पाहिजेच असेल तर मागवून देतो. चार हजार नऊशे." घरी येऊन तोच रेडिओ मी एका चिनी दुकानात शोधला. दुकान म्हणजे फोनवरचं. तिथं तो ४६ डॉलरला होता, घरपोच. डॉलर तेव्हा सत्तरच्या आसपास. म्हणजे ३,२२० रुपये. मी स्वयंपाकघराकडे तोंड करून जाहीर केलं, "सोळाशे ऐंशी वाचले!"

"आला का?" आतून आवाज.

"नाही, अजून मागवायचाय."

"मग वाचले कसे?"

हा प्रश्न मी तेव्हा गांभीर्यानं घेतला नाही. उलट, तिचीही सोय बघावी म्हणून त्याच दुकानात, वेगळ्या विक्रेत्याकडून, हातात धरून वजन करायचा एक छोटा डिजिटल काटा मागवला. आमच्या भाजीवाल्याच्या काट्यावर तिचा फार दिवसांपासून संशय होता. काटा दीडशे रुपयांना. त्यात वाहतूकही आली. कऱ्हाडहून पुण्याला दसऱ्याचं सोनं पाठवायचं म्हटलं तरी कुरियरवाला याहून जास्त मागेल.

पत्ता लिहिताना पहिली ठेच लागली. आपला पत्ता हा पत्ता नसतोच, ती एक गोष्ट असते. दत्त चौकातून आत, पिठाच्या गिरणीच्या मागं, जिन्यानं वर, डावीकडचं दार. चिनी दुकानाच्या फॉर्ममध्ये एवढी गोष्ट मावत नव्हती. त्यांच्या यंत्रानं ती "पिठाच्या गिर" इथं कापली. पुढचा सगळा भार पिनकोडवर. पिनकोड ही व्यवस्था १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी होते. सहा आकड्यांत अख्खं गाव बसवायला कवीच पाहिजे. मी ४१५११० टाकलं आणि वेलणकरांवर विश्वास ठेवला.

मग पैसे. मी स्वतः बँकेतला, त्यामुळे ओटीपीची वाट बघत चष्मा लावून बसलो. ओटीपी आलाच नाही. कार्डावरचे आकडे टाकले आणि पैसे गेलेसुद्धा! आपल्याकडे तेव्हा वीस रुपयांच्या रिचार्जला ओटीपी लागायचा, आणि परदेशातल्या दुकानदाराला नुसते आकडे पुरायचे. महिनाअखेरीला कार्डाचं बिल आलं तेव्हा कळलं की परकीय चलनाचं म्हणून साडेतीन टक्के वेगळे लागले आहेत आणि त्या साडेतीन टक्क्यांवर अठरा टक्के जीएसटी. एकूण १३३ रुपये. हे दर आमच्याच खात्याच्या पत्रकात असतात. मी ते पत्रक तीस वर्षं लोकांना वाचायला देत होतो.

रेडिओ निघाला. तेरा जागांचा एक क्रमांक आला. पुढं दोन अक्षरं, मध्ये नऊ आकडे, शेवटी दोन अक्षरं. ही पद्धत जगभर एकच. पहिलं अक्षर 'आर' असेल तर रजिस्टर. नऊ आकड्यांतला शेवटचा हा आधीच्या आठांवर देखरेख करतो, त्यातला एक जरी चुकला तरी तो हिशोबात बहुधा पकडतो. प्रत्येक कचेरीत असा एक असतोच. शेवटची दोन अक्षरं देशाची. माझ्या रेडिओच्या मागं होतं 'एसई'. म्हणजे स्वीडन. मी शेन्झेनच्या माणसाकडून माल घेतला होता. भूगोलात मी कच्चा असेन, पण शेन्झेनहून कऱ्हाडला येताना वाटेत स्वीडन लागत नाही एवढं मलाही कळतं.

विक्रेत्याला विचारलं. लगेच उत्तर आलं, "प्रिय मित्रा, काळजी नको. टपाल स्वीडनचं, माल चीनचा, आनंद तुझा." मला 'प्रिय मित्रा' म्हणून कोणी हाक मारून पंचवीस वर्षं झाली असतील. ऑफिसात 'साहेब', घरात 'अहो', सोसायटीत 'ते दुसऱ्या मजल्यावरचे'. मी विरघळलो आणि उलट त्याला दिवाळीच्या शुभेच्छा पाठवल्या.

स्वस्त वाहतुकीचं गूढ मात्र सुटेना. आमच्या पोस्टमनला विचारलं. तो म्हणाला, "आमाला काय म्हाईत साहेब, पिशवीत येतंय ते वाटायचं." मग भाच्यानं सांगितलं. १८७४ साली स्वित्झर्लंडमध्ये बर्न इथं जगभरच्या टपालखात्यांची एक संघटना निघाली, आपण दोन वर्षांनी तिच्यात गेलो. एका देशाचं टपाल दुसऱ्या देशानं वाटायचं, तर वाटणाऱ्याला मजुरी किती, हे ती ठरवते. त्या हिशोबात चीन बरीच वर्षं विकसनशील देशांच्या पंगतीला बसला होता, म्हणून त्याच्या छोट्या पाकिटांची मजुरी कमी. जगभर दोन-दोन डॉलरच्या वस्तू फुकट पोचवण्याचं एक रहस्य हे. पुढं अमेरिकेला ते फारच लागलं. २०१८ च्या ऑक्टोबरात तिनं संघटनाच सोडायची नोटीस दिली आणि २०१९ च्या सप्टेंबरात जिनिव्हात बसून तडजोड झाली. थोडक्यात, आमच्या जिन्यावर रेडिओ चढवून आणायची मजुरी थेट स्वित्झर्लंडात ठरत होती. मी हे पोस्टमनला सांगितलं. तो जिन्यातच थांबला, टोपी काढली, घाम पुसला आणि म्हणाला, "मला न्हाई मिळाली कधी."

आता वाट बघणं. पूर्वी माणसं मुलीच्या सासरहून पत्र कधी येतं याची वाट बघायची. मी सकाळी उठून आधी तेरा जागांचा क्रमांक टाकायचो, मग दात घासायचो. 'विमान कंपनीच्या ताब्यात दिले.' अकरा दिवस तेच. मग 'देश सोडला.' त्या दिवशी मी घरात पेढे आणायचे बाकी ठेवले होते. मग 'वस्तू पिशवीत भरली.' मग 'वस्तू रवाना.' मग पुन्हा 'वस्तू पिशवीत भरली.' मधल्या काळात ती पिशवीतून बाहेर कशाला पडली होती, हवा खायला? काट्याची बातमी तर पहिल्याच 'पिशवीत भरली' वर थांबली. बायको दर शनिवारी विचारायची, "माझा काटा?" मी म्हणायचो, "पिशवीत."

साठ दिवसांत माल नाही मिळाला तर पैसे परत, असं दुकानाचं वचन होतं. एकोणसाठाव्या दिवशी मी तक्रार उघडली. मित्राचं लगेच उत्तर, "प्रिय मित्रा, तक्रार बंद कर, आपण कुटुंब आहोत. तीन डॉलर परत देतो." मंडईत कोथिंबिरीच्या जुडीवर हुज्जत घालणाऱ्याला ही भाषा लगेच कळते. मी पाच म्हणालो. तो साडेतीन म्हणाला. मी गप्प राहिलो. मंडईत आपण निघून जायचं नाटक करतो, इथं नुसतं गप्प बसलं तरी भागतं. तेवढ्यात कस्टमच्या कार्यालयातून पत्र आलं आणि चार डॉलरवर आलेली बोलणी तिथंच राहिली.

पत्रात लिहिलं होतं की आपल्या पाकिटावर 'भेटवस्तू, खेळणे, किंमत ८ डॉलर' असं लिहिलेलं असून आत रेडिओ आहे, तरी किमतीचा पुरावा व ओळखपत्र सादर करावे. माझ्या पोटात गोळा. मित्रानं मित्रासाठी परस्पर खोटं लिहिलं होतं! टपालाच्या पाकिटावर एक छोटा हिरवा-पांढरा कागद असतो, त्यात भेट, कागदपत्रं, नमुना, इतर असे चौकोन असतात. भल्या माणसानं 'भेट'वर फुली मारली होती. ज्या माणसाचं तोंड मी पाहिलेलं नाही, त्यानं मला खेळणं भेट दिलं आणि त्याचे ४६ डॉलर माझ्याच कार्डातून घेतले, हे साहेबांना कसं समजावणार? मी तीन पानी पत्र लिहिलं. पहिली दोन पानं मी किती सरळ माणूस आहे यावर. सोबत कार्डाचं बिल आणि आधारची झेरॉक्स. वडिलांची रेडिओ परवान्याची पुस्तिकाही जोडणार होतो, बायकोनं ओढून घेतली.

शुल्काचा हिशोब आला तेव्हा मात्र मी बँकवाल्याच्या नजरेनं तो वाचला आणि मनातल्या मनात सलाम केला. तेव्हाच्या दरानं, वस्तू शंभर रुपयांची धरा. त्यात वाहतूक आणि विमाही आले, म्हणजे माल आणायच्या भाड्यावरसुद्धा कर. त्यावर मूळ सीमाशुल्क दहा. त्या दहाच्या दहा टक्के समाजकल्याण अधिभार, एक रुपया. झाले एकशे अकरा. आता या एकशे अकरावर, शंभरावर नव्हे, अठ्ठावीस टक्के आयजीएसटी. एकतीस रुपये आठ पैसे. एकूण शंभराला बेचाळीस रुपये आठ पैसे. करावर कर आणि त्या करावर पुन्हा कर. आमच्या आजीच्या पुरणपोळीला एवढे पदर नव्हते. माझे झाले १,३५५.

इथं थोडं आडवाटेला जातो, कारण 'कस्टम' हा शब्द आमच्या लहानपणी किती वजनदार होता हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. यात्रेत, बाजारात एक माणूस खाली चादर पसरून घड्याळं, टॉर्च, सेंटच्या बाटल्या मांडायचा आणि कानात सांगायचा, "कस्टमचा माल आहे." म्हणजे सरकारनं पकडलेला. सरकारनं पकडला त्याअर्थी तो परदेशी, आणि परदेशी त्याअर्थी अस्सल. मुंबईला कोणी गेलं की मनीष मार्केटला चक्कर ठरलेली. आखातातून सुटीला आलेल्या माणसाकडच्या टेपरेकॉर्डरवर जाळीदार रुमाल टाकलेला असायचा आणि तो रुमाल फक्त पाहुण्यांसमोर उचलला जायचा. त्या काळात वस्तू कस्टममधून सुटली की तिची किंमत वाढायची. माझी पण वाढलीच म्हणा. १,३५५ नं.

मित्रानं वापरून पाहिलेली ती 'भेट'वाली पळवाट पुढं सरकारनं बुजवूनच टाकली. १२ डिसेंबर २०१९ ला अधिसूचना निघाली. टपालानं किंवा कुरियरनं भेट म्हणून बिनशुल्क माल आणायला मनाई. अपवाद दोन, जीवरक्षक औषधं आणि राखी. कंसात स्पष्ट लिहिलं होतं की राखीबरोबरच्या भेटवस्तू मात्र नाहीत. मी ते तीनदा वाचलं. परदेशातल्या बहिणीनं इथल्या भावाला राखी पाठवली, चालेल. परदेशातल्या भावानं इथल्या बहिणीला ओवाळणी पाठवली, शुल्क भरल्याशिवाय चालणार नाही. जगभरच्या भावांना इतका मोठा दिलासा दुसऱ्या कुठल्या सरकारनं दिला असेल असं वाटत नाही. न्यू जर्सीतल्या माझ्या मेहुण्यानं तर ती अधिसूचना माझ्या बायकोला स्वतःहून पाठवली. एरवी तो दिवाळीचा मेसेजही पाठवत नाही.

नंतर २०२० च्या २९ जूनला एकोणसाठ चिनी अ‍ॅपवर बंदी आली, २४ नोव्हेंबरला आणखी त्रेचाळीस. या दोन याद्यांत 'प्रिय मित्रा' म्हणणारं माझं दुकानही गेलं. लडाखमध्ये चीनच्या सीमेवर काय घडलं होतं ते सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे वाईट वाटलं असं मोठ्यानं म्हणायची सोय नव्हती. शेवटी त्या मित्राला पाच तारे द्यायचे राहूनच गेले. तो दर आठवड्याला मागत होता.

तेव्हापासून आमच्या नात्यात परदेशी खरेदी पुन्हा माणसांच्या बॅगेतून सुरू झाली. साडूंनी अमेरिकेतून येताना कॉफीचं यंत्र आणलं. एकशेवीस व्होल्टचं. आपल्या भिंतीत दोनशेतीस. चपटी पिन बसेना तेव्हा देवानं त्यांना एक इशारा दिला होता. पण इलेक्ट्रिकवाल्याकडून तीस रुपयांचा जोड आणून त्यांनी तो इशारा धुडकावला. कॉफी झाली नाही, धूर मात्र अमेरिकन होता.

याच साडूंनी त्याआधी एकदा परदेशी दुकानातून एक टेराबाइटचा पेनड्राइव्ह सहाशे रुपयांत मागवला होता. कॉम्प्युटरला लावला की एक टेराबाइट दिसायचं. आतली चिप मात्र बत्तीस जीबीची, नुसती थापा मारायला शिकवलेली. बत्तीस भरले की ती पुढचं लिहिल्यासारखं करते आणि हरवून टाकते. साडूंनी त्यात मुलीच्या लग्नाचं अख्खं चित्रीकरण ठेवलं. हळद आहे. सीमांतपूजन आहे. रुखवत तर सगळ्या कोनांतून आहे. मंगलाष्टकं तिसऱ्या कडव्याला थांबतात. जावयाला आम्ही अजून सांगतो की तुमचं लग्न लागल्याचा पुरावा आमच्याकडे नाही, जरा जपून वागा.

तर रेडिओ. एकाहत्तराव्या दिवशी मी रिक्षानं पोस्टात गेलो, शुल्क भरलं, सही केली. पोस्टमननं पाकीट हलवून पाहिलं. "चीनवरनं हाय नव्हं? हलकं लागतंय." हलकं लागत होतं कारण आत बॅटरी नव्हती. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या २०१६ पासून प्रवासी विमानाच्या मालात न्यायला बंदी आहे, म्हणून मित्रानं ती काढून घेतली होती आणि तिच्या जागी एक चिठ्ठी ठेवली होती, "मित्रा, बॅटरी तुझ्या देशात चांगली मिळते." मी चौकातल्या दुकानातून १२० रुपयांना घेतली. तिच्यावर लिहिलं होतं, 'मेड इन चायना'. चार्जरची पिन चपटी, त्याला पुन्हा तीस रुपयांचा जोड.

रात्री जेवण झाल्यावर बायकोनं वही उघडली. ३,२२० अधिक १३३ अधिक १,३५५ अधिक १२० अधिक ३०. चार हजार आठशे अठ्ठावन्न. तपकीर गल्लीत चार हजार नऊशे.

"बेचाळीस वाचले," मी म्हणालो. शंभराला बेचाळीस गेले होते, नेमके बेचाळीस हातात राहिले. आकडा तोच होता, एवढंही समाधान मला पुरलं असतं.

"रिक्षा?" ती म्हणाली.

जाऊन-येऊन साठ.

मी रेडिओ घेऊन गच्चीवर गेलो. कपडे वाळत घालायच्या तारेला दुसरी तार बांधून तिचं टोक रेडिओला लावलं. काटा फिरवला, म्हणजे आकडे फिरवले, काटा आता कुठं असतो. आजूबाजूच्या सगळ्या घरांत एलईडीचे दिवे, आणि या दिव्यांचं आणि शॉर्टवेव्हचं अजिबात पटत नाही. सगळीकडे नुसती खरखर, जणू पावसाळी कोयना. अर्धा तास खरखर ऐकली. मधेच कुठंतरी अरबी अजान, मग पुन्हा खरखर. वडिलांचा रेडिओ लागायला एवढा वेळ लागत नसे, पण त्यांच्याकडे परवाना होता.

आणि मग एकदम, काचेसारखा स्वच्छ, अगदी शेजारच्या खोलीतून यावा तसा एक बाईंचा आवाज आला. हिंदी. शुद्ध, गोड, जरा जास्तच नीटनेटकी हिंदी. त्या चीनमधल्या एका प्रांतातल्या चहाच्या मळ्यांविषयी सांगत होत्या. मी दुसरीकडे गेलो, तिथंही चीन, इंग्रजीत. तिसरीकडे चीन, चिनीत. ज्यांनी मला रेडिओ विकला होता, ते आता तो वाजवतही होते.

"अहो," खालून बायकोचा आवाज आला, "काही लागलं का?"

"चीन लागलंय," मी कठड्यावरून वाकून सांगितलं.

ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, "लागलंच आहे तर माझा काटा कुठवर आलाय तेवढं विचारून घ्या."